सांभरची यादी आणि शहाद्याचा पिंगळा

'स्ट्रे फेदर्स' या पक्षिविषयक नियतकालिकाच्या १८७३ च्या पहिल्या खंडात, पान ३६१ पासून ४०४ पर्यंत, सांभर सरोवर आणि त्याच्या परिसरातल्या पक्ष्यांच्या नोंदी छापलेल्या आहेत. लिहिणारा आर. एम. ॲडम. सांभर जयपूरच्या नैर्ऋत्येला, सुमारे ऐंशी किलोमीटरवर. त्याच खंडात मध्य भारतातल्या एका नव्या पिंगळ्याचे वर्णनही आले आहे. ते लिहिले खुद्द संपादकाने, म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने. बारा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, ३० जून २०२४ रोजी, कोलकात्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने देशातल्या प्राण्यांची संपूर्ण सूची पोर्टलवर खुली केली. प्रजाती १,०४,५६१; गटवार याद्या १२१; प्राणिसृष्टीचे ३६ संघ. आपल्या सगळ्या प्राण्यांची अशी यादी पुरी करणारा भारत हा पहिला देश, असे त्या वेळी जाहीर झाले. सांभरचे पक्षी या सूचीत आहेत आणि ह्यूमचा पिंगळाही आहे. एका ओळीचे एक नाव, एवढीच तिथे त्याची जागा. ती ओळ कशावर उभी आहे, हे मात्र जुन्या कागदांत आणि त्याहून जुन्या कातड्यांत शोधावे लागते. या पिंगळ्याच्या बाबतीत तो शोध घेतला गेला आणि त्यातून एक चोरी उघडकीला आली.

आधी सांभर. तिथे पक्ष्यांची यादी का झाली, याचे उत्तर पक्ष्यांत नाही, मिठात आहे. ह्यूम १८६७ ते १८७० या काळात अंतर्गत जकात खात्याचा आयुक्त होता. मिठावरचा कर चुकवून माल इकडून तिकडे जाऊ नये म्हणून कंपनीच्या काळापासून उत्तर आणि मध्य भारतातून एक चौक्यांची रेषा आखलेली होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, निवडुंग असे काटेरी कुंपण वाढवलेले होते. अडीच हजार मैलांची ती रेषा आणि तिच्यावर चौदा हजारांच्या आसपास माणसे! मीठ जिथे पिकते तिथेच त्यावर कर बसवला तर हे कुंपण राखायची गरजच उरत नाही, हा साधा हिशेब होता. त्यासाठी मिठागरे ताब्यात हवीत. राजपुतान्यातल्या संस्थानिकांशी मिठाचे करार करण्यात ह्यूमचा हात होता. सांभरवर जयपूर आणि जोधपूर या दोन्ही दरबारांचा सामाईक हक्क. १८६९–७० मध्ये दोघांशी करार होऊन सरोवर इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आले. जयपूरच्या गादीवर तेव्हा सवाई रामसिंह दुसरे होते.

मिठागर ताब्यात आले म्हणजे तिथे अधिकारी राहणार. नुसता दौऱ्यावर येऊन जाणारा नव्हे, हिवाळा आणि उन्हाळा, मीठ काढण्याचा हंगाम आणि पावसाळा असे सगळे पाहणारा. ॲडम असा होता. त्याच्या लेखाची किंमत तिथेच आहे. प्रवाशाच्या यादीत 'पाहिले' एवढेच येते, तर मुक्काम असलेल्याच्या यादीत कोण कधी आला, कोण किती दिवस राहिला, कोणत्या वर्षी आलाच नाही, हेही येते. पुढच्याच वर्षी, १८७४ च्या खंडात, त्याने पुरवणी जोडली. आपली यादी पुरी झाली असे न मानणारा माणूस मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

ह्यूमने अशी अनेक माणसे हाताशी धरली होती. जकात, जंगल, मुलकी, लष्कर, भूगर्भ सर्वेक्षण अशा खात्यांत पसरलेले हे लोक त्याला पत्रे, अंडी आणि कातडी पाठवत. हा सगळा पत्रव्यवहार आणि संग्रह सिमल्यातल्या त्याच्या रॉथनी कॅसल या घरी जमा होत असे. वसाहतीच्या यंत्रणेचाच हा उपयोग होता, याबद्दल संशय नको. मिठाचा कर ज्या रस्त्यांनी वसूल झाला त्याच रस्त्यांनी पक्ष्यांची कातडी गेली. आणि त्या कातड्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एका साहेबाचेच नाव असते. झाड दाखवणारा, पक्षी पाडणारा, रात्री कंदिलाच्या उजेडात कातडे सोलून त्याला संखिया लावणारा हिंदी माणूस त्या चिठ्ठीवर सहसा येत नाही. हे न्यून आज कोणत्याही पोर्टलने भरून निघणार नाही.

तरीही ती चिठ्ठी महत्त्वाची, कारण तिच्यावर तीन गोष्टी असतात: ठिकाण, तारीख, गोळा करणारा. कातडे सुंदर असेल, पण चिठ्ठी नसेल तर शास्त्राला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. चिठ्ठी खोटी असेल तर उपयोग नाहीच, उलट अपाय आहे.

आता पिंगळा. १४ डिसेंबर १८७२ रोजी एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडात, महासमुंद जिल्ह्यातल्या बसना–फुलझर भागात एक पिंगळा मारला. आपल्या गावाबाहेरच्या वडा-आंब्याच्या ढोलीत असतो त्या पिंगळ्यासारखाच दिसणारा, पण डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, कवटी मोठी, पाय आणि नखे अंगाच्या मानाने दांडगी. ह्यूमला तो इतका वेगळा वाटला की त्याने नवी प्रजातीच नव्हे, नवा वंशही केला आणि नाव ठेवले हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. १८७७ मध्ये भूगर्भ सर्वेक्षणातल्या व्हॅलेंटाइन बॉलला ओडिशातल्या खरियारकडे आणखी एक मिळाला. त्यानंतर या पक्ष्याची कथा खानदेशात येते.

जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. १८८२ च्या 'स्ट्रे फेदर्स'मध्ये त्याची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी आहे. शीर्षकातच त्याने तिला कच्ची यादी म्हटले आहे. नंदुरबार, तळोदा, शहादा हा तिचा मुलूख. तापीचे खोरे आणि उत्तरेला सातपुडा. १८८० ते १८८४ या काळात शहाद्याकडच्या जंगलात डेव्हिडसनला हा पिंगळा एकाहून अधिक वेळा मिळाला. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची कातडी सात. त्यांतली बहुतेक त्याच्या हातची. कातडी सोलण्याचे त्याचे कसब साधारणच होते. चरबी नीट खरवडलेली नाही, कापूस भरायची पद्धत स्वतःची, आडवळणी. त्या काळच्या कुणालाही हा दोषच वाटला असता.

इथे ह्यूमची गोष्ट संपते. १८८४ च्या सुमारास एका नोकराने त्याची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी कित्येक वर्षे जमवलेले ते कागद होते. ह्यूमने पक्षिविद्येला रामराम ठोकला आणि सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. १८८५ मध्ये म्युझियमतर्फे रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्याला आला, देवदाराच्या ४७ पेट्या जागेवरच बनवून घेतल्या आणि सारे विलायतेला नेले. मूळ संग्रह ८२,००० नमुन्यांचा होता. कागद गेले, कातडी वाचली. यादीच्या इतिहासात सहसा याच्या उलट घडते. पुस्तके उरतात, नमुने किडीच्या आणि दमट हवेच्या तोंडी जातात.

पुढच्या शंभर वर्षांत हा पिंगळा पुस्तकांतून मात्र नियमाने येत राहिला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेच्या पक्ष्यांवरच्या खंडांत तो आला, तिच्या दुसऱ्या आवृत्तीत आला, सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या 'हँडबुक'मध्येही आला. यादी करणाऱ्याला नाव वगळण्याचा अधिकार नसतो. एकदा रीतसर वर्णन झाले की ते नाव पुढच्या प्रत्येक यादीत जागा मागते, मग पक्षी कुणी पाहो न पाहो. मधल्या काळात सातपुड्याच्या पायथ्याशी शोधपथके आलीच नव्हती असेही नाही. १९११ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, ती खानदेशपासूनच. सी. ए. क्रम्प तिथे उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळे गोळा करत फिरला आणि त्या पाहणीच्या अहवालांतला क्रमांक एक खानदेशाचा आहे. पण ती यादी सस्तन प्राण्यांची. घुबडे पाहणे हे क्रम्पचे काम नव्हते.

मग त्या सात कातड्यांतल्या एकाकडे पाहू. चिठ्ठी म्हणते: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४, गोळा करणारा रिचर्ड माइनर्टझहागेन. मांडवी म्हणजे सुरत जिल्ह्यातले. माइनर्टझहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी, गुप्तहेर, रोजनिशीकार, पक्षितज्ज्ञ. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर जायला तेव्हा मुंबईत गोळा झालेल्या फौजेत तो होता. त्याच्या चिठ्ठीने पिंगळ्याच्या इतिहासात दोन फेरफार केले. पक्ष्याचे शेवटचे खात्रीचे वर्ष ३० वर्षांनी पुढे सरकले आणि त्याचा मुलूख पश्चिमेला गुजरातेत पोचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालिम अली आणि रिप्ली या पक्ष्याच्या मागावर होते. शोध घेणाऱ्यांसमोर हीच नोंद सगळ्यांत ताजी होती. पक्षी सापडला नाही.

माइनर्टझहागेनबद्दल कुजबुज जुनी होती. १९१९ मध्येच त्याला म्युझियमच्या पक्षिदालनात काही काळ बंदी झाली होती. तरी १९५४ मध्ये त्याने दिलेली वीस हजारांच्या आसपास कातडी त्याच म्युझियमने स्वीकारली. मोठ्या घरचा माणूस, लढाईत नाव कमावलेला. त्याच्यावर बोट कोण ठेवणार? तो १९६७ मध्ये वारला. उघड पुरावा १९९३ मध्ये आला. ॲलन नॉक्स याने 'आयबिस' या नियतकालिकात दाखवले की माइनर्टझहागेनच्या संग्रहातली काही कातडी मुळात म्युझियमचीच आहेत. ती तिथून चोरून नवी चिठ्ठी लावून परत दिलेली आहेत.

पामेला रासमुसेन तेव्हा दक्षिण आशियातल्या पक्ष्यांची मार्गदर्शिका लिहिण्याच्या कामात होत्या. रिप्लीने सुरू केलेले ते काम. नायजेल कॉलर आशियातल्या संकटग्रस्त पक्ष्यांचा ग्रंथ तयार करत होते. म्हणजे दोघेही यादीच करत होते. पण प्रत्येक नोंद आधीच्या पुस्तकातून उतरवून न घेता मुळाशी जाऊन तपासायची, हा दोघांचा हट्ट. पिंगळ्याची कातडी ट्रिंग इथल्या म्युझियमच्या पक्षिविभागात त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, त्यांची क्ष-किरण चित्रे काढली. मांडवीचे म्हणवणारे कातडे उसवून पुन्हा भरलेले निघाले. वरची शिवण नवी, पण आत राहून गेलेल्या खुणा, चरबी न काढलेल्या जागा आणि पूर्वीच्या भरणीच्या खाणाखुणा, डेव्हिडसनच्या कातड्यांशी जुळणाऱ्या. ज्या ढिल्या हाताला कुणी नावे ठेवली असती, त्याच हाताने साक्ष दिली. १९९९ मध्ये 'आयबिस'मध्येच त्यांनी निष्कर्ष छापला: हा नमुना डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला, म्युझियममधून चोरलेला, मांडवी आणि १९१४ या दोन्ही गोष्टी बनावट.

या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. खोटी नोंद वजा केल्यावर खऱ्या नोंदी किती थोड्या आणि किती नेमक्या आहेत, हे दिसले. शेवटचे वर्ष १८८४. ठिकाणे तीन: फुलझर, खरियार, शहादा. गुजरातेत जायचे कारण उरले नाही.

लेख छापून यायच्या आधीच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या. तिकडे काही मिळाले नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, पर्ण गळालेल्या एका झाडावर पक्षी बसलेला होता. डोक्यावर ठिपके नाहीत, पाय दांडगे, अंगावर ऊन. तो दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसतो. ११३ वर्षे तो हरवलेला होता असे आपण म्हणतो. तोरणमाळकडच्या पाड्यांतल्या भिल्ल-पावरा घरांना तो हरवला होता असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

नंतर तो मेळघाटात सापडला, यावल अभयारण्यात सापडला, मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर भागात सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. ब्लेविटपासून डेव्हिडसनपर्यंत कुणाच्याही कागदात सह्याद्रीची ही बाजू नव्हती. आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आला. नाव मात्र अजून हलते आहे. ह्यूमने केलेला वेगळा वंश ठेवायचा की नेहमीच्या पिंगळ्याच्या अथेने वंशात त्याला घालायचे, यावर मतभेद चालत आले. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या जनुकीय अभ्यासाने कौल अथेनेकडे दिला. पण त्याचे संगणकावरचे नाव बदलले तरी ट्रिंगच्या पेटीतले ब्लेविटचे कातडे तेच राहणार आहे, आणि वाद झाला तर त्याच्याकडेच जावे लागणार आहे.

सांभरच्या यादीला असे नाट्य लाभले नाही. तिची गरज वेगळ्या प्रसंगी पटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरोवराच्या काठावर पक्षी मरू लागले. थापट्या बदके, शेकाटे, चिखले आणि इतर अनेक जातींचे पाणपक्षी चिखलात पडलेले मिळाले. सरकारी आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने कारण सांगितले, बोटुलिझम. मेलेल्या पक्ष्यात जिवाणूचे विष तयार होते, त्यावरच्या अळ्या ते साठवतात, त्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि तेही मरतात. म्हणून मेलेले पक्षी तातडीने उचलणे हाच मुख्य इलाज. राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो मेलेल्यांत कोण कोण आहे हा. लगेच दुसरा, इथे एरवी कोण कोण असते, कोणत्या महिन्यात, किती. पहिल्याचे उत्तर पशुवैद्य देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर फक्त जुनी, एका जागेची, तारखांसह केलेली यादी देते. देशाची सूची सांगेल की थापट्या भारतात येतो. तो सांभरला पूर्वीही यायचा का, हे विचारायचे तर ॲडमसारख्यांच्या पानांकडे वळावे लागते. १९९० पासून सांभर रामसर यादीतही आहे. पण रामसरची नोंद म्हणजे सरोवराची पत. त्या पाण्यावर कोणत्या वर्षी काय घडले याची ती रोजनिशी नव्हे.

२०२४ च्या सूचीचे महत्त्व कमी करण्याचा इथे हेतू नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेने शंभर वर्षांहून अधिक काळ शेकडो तज्ज्ञांचे काम एकत्र आणून ते सगळ्यांना मोफत उघडे केले, हे मोठे काम आहे. एक लाखाहून जास्त प्रजातींत पक्षी जेमतेम साडेतेराशे. उरलेल्यांत बहुसंख्य कीटक, आणि त्यांतले कित्येक एखाद-दुसऱ्या जुन्या नमुन्यावर, एखाद-दुसऱ्या चिठ्ठीवर टिकून आहेत. पिंगळ्याच्या वाट्याला दोन हट्टी अभ्यासक आले. प्रत्येक भुंग्याच्या वाट्याला ते येणार नाहीत.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते. सूचीतल्या प्रत्येक नावापासून त्याच्या मूळ नमुन्यापर्यंत वाचकाला जाता आले पाहिजे: कातडे किंवा टाचणीला टोचलेला किडा कोणत्या संग्रहात आहे, त्याचा क्रमांक काय, चिठ्ठीवर कोणते गाव आणि कोणती तारीख. कोलकात्यात, पुण्यात, जोधपूरला, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमध्ये हे संग्रह आहेत आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई फिकी होत चालली आहे. तिथे त्या वाचून, छायाचित्रे घेऊन नोंदवण्यासाठी त्या त्या भागातल्या गावांची नावे ओळखणारी माणसे लागतील. इंग्रजी स्पेलिंगमधले बसना, फुलझर, तळोदा, अक्कलकुवा नकाशावर नेमके ठेवता येणे हे तज्ज्ञाइतकेच स्थानिकाचे काम आहे. खानदेशातल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी डेव्हिडसनच्या १८८२ च्या यादीपासून सुरुवात करायला हरकत नाही. 'स्ट्रे फेदर्स'चे खंड आता घरबसल्या वाचता येतात.